हक्काचा बाक

जानेवारीतली संध्याकाळ होती. वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही तिघीचौघी लॅपटॉप उघडून बसलो होतो. आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या प्रवेशांचे, अर्ज सुरू झाले की आमचा मुक्काम तिथेच असतो. चार घरची धुणीभांडी उरकून एक बाई आल्या. बरोबर साडेपाच वर्षांचा मुलगा आणि हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून एकेक कागद निघाला. रेशनकार्ड, दोन आधारकार्डं, मुलाचा जन्मदाखला, त्याच्या वडिलांचा जातीचा दाखला. तो दाखला तर लॅमिनेट करून जपलेला. सगळं टेबलावर मांडून झाल्यावर त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “ताई, फी माफ होईल का हो? शाळेच्या मोठ्या सरांकडे तुम्ही एक शब्द टाकाल का?”

मी म्हटलं, “सरांकडे शब्द टाकायची गरजच नाही. त्या शाळेतल्या पंचवीस टक्के जागा कायद्यानं तुमच्या-आमच्या पोरांसाठी ठेवल्यात. त्यातली एक आपण मागतोय.” त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखं दिसलं नाही.

आपल्या भाषेत ‘माफ’ हा शब्द गुन्ह्याला लागतो, कर्जाला लागतो, शेतसाऱ्याला लागतो. ज्याच्याकडून काही येणं बाकी आहे, त्याला माफी मिळते. त्या मुलाकडून कुणाचं काही येणं नव्हतं. त्याचंच आपल्या सगळ्यांकडून येणं होतं. खासगी शाळेत शिकण्यासाठी मदत मागायची म्हटलं की आपल्याकडचे पालक आधी मान खाली घालतात आणि मग अर्ज भरतात. हा क्रम उलटा व्हावा, अर्ज ताठ मानेनं आणि नीट भरला जावा, यासाठी हा लेख.

कायदा काय देतो

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, असं २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीनं सांगितलं. राज्यघटनेत कलम २१-क आलं ते तेव्हा. त्या हक्काला हातपाय देणारा शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संसदेनं केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्यातलं बारावं कलम आपल्या विषयाचं. सरकारचं अनुदान न घेणाऱ्या खासगी शाळेनंसुद्धा पहिलीच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, असं ते सांगतं. शाळेत प्रवेश नर्सरीपासून होत असतील तर ही अट तिथूनच लागते. एकदा प्रवेश मिळाला की आठवी पूर्ण होईपर्यंत त्या मुलाचं शिक्षण मोफत.

फी कोण भरतं, हा पुढचा प्रश्न. सरकारी शाळेत एका मुलामागे सरकारचा जेवढा खर्च होतो तेवढी रक्कम, किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी कमी असेल ती सरकार शाळेला देतं. महाराष्ट्रात ही प्रतिपूर्ती वर्षाला एका विद्यार्थ्यामागे १७,६७० रुपयांपर्यंत ठरलेली आहे. म्हणजे मूल फुकट शिकत नाही, त्याचे पैसे आपल्या सगळ्यांच्या करातून भरले जातात. मुख्याध्यापकांच्या मर्जीचा त्यात काही भाग नाही.

खासगी शाळांच्या संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं हे कलम वैध ठरवलं. मात्र विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळलं, आणि २०१४ च्या निकालानं सगळ्याच अल्पसंख्याक संस्थांना कायद्याबाहेर ठेवलं. त्यामुळे घरासमोरची नावाजलेली कॉन्व्हेंट शाळा आरटीईच्या यादीत दिसली नाही, तर बहुतेक वेळा कारण हे असतं. तिथे वाद घालण्यात वेळ घालवू नये.

हा विचार बाहेरून आलेला नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली होती. सयाजीराव गायकवाडांनी ते बडोदा संस्थानात करून दाखवलं, शाहू महाराजांनी कोल्हापुरात. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात त्यासाठी विधेयक मांडलं आणि ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. समाजमंदिरातल्या टेबलावर आपण जो अर्ज भरतो, त्याच्यामागे एवढी लांब रांग उभी आहे.

कोण पात्र आहे

महाराष्ट्रात दोन गट आहेत. पहिला वंचित गट. त्यात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गातली मुलं येतात. दिव्यांग मुलं, एचआयव्हीबाधित किंवा एचआयव्हीनं प्रभावित मुलं आणि अनाथ बालकंही याच गटात. जातीच्या आधारावर अर्ज करणाऱ्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे कितीतरी पालक तहसीलच्या चकरा मारत बसतात आणि तेवढ्यात अर्जाची मुदत निघून जाते.

दुसरा गट आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचा. वरच्या कुठल्याही प्रवर्गात न बसणाऱ्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्यांना इथून अर्ज करता येतो.

या १ लाखावर थोडं थांबायला हवं. महिन्याला ते ८,३३३ रुपये होतात. शहरात रखवालदाराचं काम करणारा बाप आणि पोळ्या लाटणारी आई यांची मिळून कमाई यापेक्षा जास्त असते, आणि तरी ते चाळीस हजारांची फी भरू शकत नाहीत. नोकरी आणि उच्च शिक्षणातल्या आर्थिक दुर्बल आरक्षणासाठी मर्यादा ८ लाखांची आहे. आठवीत परीक्षा देणाऱ्या मुलांना केंद्र सरकारची जी शिष्यवृत्ती मिळते, तिची मर्यादा साडेतीन लाखांची आहे. पहिलीच्या मुलासाठी मात्र गाडी १ लाखावरच उभी आहे. त्यामुळे प्रामाणिकपणे उत्पन्न सांगणारा पालक बाहेर राहतो आणि दाखल्यावर आकडा बसवून आणणारा आत जातो. ही मर्यादा वाढवली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. पण जोवर ती आहे, तोवर खोटा दाखला कुणीही जोडू नये. अर्जातली माहिती खोटी निघाली तर प्रवेश रद्द होतो, आणि मधल्या वर्षी शाळेतून नाव काढलं गेलं की त्याची शिक्षा मूल भोगतं.

कागदांची पिशवी

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्याला फी नाही. पण अर्ज भरणं हे शेवटचं अर्ध्या तासाचं काम आहे, खरं काम त्याच्या आधीच्या चार महिन्यांचं. कारण एकच. लागणारे कागद अर्जाच्या मुदतीआधीच्या तारखेचे असावे लागतात. सोडतीत नाव लागल्यावर दाखला काढायला धावलं, तर त्या दाखल्याचा काही उपयोग नसतो.

पहिला कागद राहण्याच्या पुराव्याचा. रेशनकार्ड, आधार, वीजबिल, घरपट्टी, पाणीपट्टी, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट असे पर्याय असतात. त्या वर्षीच्या सूचनापत्रकात कोणते पुरावे चालतील ते दिलेलं असतं आणि यादीत अधूनमधून बदल होतो, म्हणून गेल्या वर्षी शेजारणीचं काम कशावर झालं यावर विसंबू नये. भाड्यानं राहणाऱ्यांची इथे खरी अडचण होते. त्यांना दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला भाडेकरार लागतो. तो किमान ११ महिन्यांचा आणि अर्ज भरण्याच्या आधीचा हवा. घरमालक करार नोंदवायला तयार नसतात. साध्या स्टॅम्पपेपरवर सही करून देतो म्हणतात, पण तो कागद पडताळणीत टिकत नाही. घरमालकाशी हे बोलणं दिवाळीच्या सुमारासच करून ठेवायला हवं.

दुसरा कागद वयाचा. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्मदाखला सर्वांत सोपा. तो नसेल तर दवाखान्याच्या किंवा अंगणवाडीच्या रजिस्टरातली नोंद चालते, आणि तीही नसेल तर पालकांचं प्रतिज्ञापत्र. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असं कायद्याचं चौदावं कलम सांगतं. पहिलीसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला मुलाची ६ वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. वयाला वरचीही मर्यादा असते, म्हणून ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याआधी जन्मतारीख मांडून बघावी.

तिसरा कागद गटाचा. वंचित गटासाठी जातीचा दाखला, मुलाचा नसेल तर वडिलांचा चालतो. दुसऱ्या राज्यातला दाखला मात्र इथे चालत नाही. बाहेरून पोटासाठी आलेल्या कितीतरी कुटुंबांचं काम याच दगडावर अडतं. दिव्यांग मुलासाठी ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचं शासकीय प्रमाणपत्र लागतं. उत्पन्नाच्या गटासाठी तहसीलदारांचा दाखला. तो कोणत्या आर्थिक वर्षाचा हवा हे सूचनापत्रकात बघून घ्यावं.

एकट्या आईनं वाढवलेल्या मुलांबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा निकाल, पती वारले असतील तर मृत्यूचा दाखला, आणि राहण्याचा पुरावा आईच्या नावाचा. या बायका बहुधा ‘वडिलांचे कागद नाहीत’ म्हणून टेबलापर्यंत यायलाच कचरतात. त्यांना शोधून आणावं लागतं.

आणि सगळ्यांत साधी चूक सगळ्यांत जास्त अर्ज पाडते. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव एक, आधारवर दुसरं. वडिलांचं नाव कुठे पूर्ण, कुठे टोपणनावासकट. आडनावातला एखादा काना-मात्रा इकडचा तिकडे. आमच्या टेबलावर आम्ही आधी हे सगळे कागद एका ओळीत मांडतो आणि प्रत्येकावरचं नाव बोट ठेवून मोठ्यानं वाचतो. त्या संध्याकाळी आलेल्या ताईंच्या मुलाच्या जन्मदाखल्यात आईचं माहेरचं नाव होतं, रेशनकार्डावर सासरचं. मुदतीला नऊ दिवस होते म्हणून निभावलं.

नकाशावरचा बलून

कागद जुळले की लॅपटॉपवर नकाशा उघडतो. त्यावर एक बलून असतो, तो आपल्या घरावर नेऊन ठेवायचा. या एका क्लिकवर अख्ख्या अर्जाचं भवितव्य असतं, कारण शाळा घरापासून किती लांब आहे ते तिथून मोजलं जातं. सोडतीत १ किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा विचार आधी होतो, मग १ ते ३ किलोमीटरवाल्यांचा. जास्तीत जास्त १० शाळा निवडता येतात.

ताईंचं घर नाल्यापलीकडच्या चाळीत. नकाशात तिथे नुसता करडा रंग दिसत होता, गल्ल्यांना नावं नाहीत, घरांना आकार नाहीत. त्यांनी बोट ठेवलं ते मुख्य रस्त्यावर, ‘इथं उतरून आत जायचं’ म्हणून. पत्ता सांगताना आपण असंच सांगतो. पण त्या खुणेवर बलून ठेवला असता, तर हवी ती शाळा १ किलोमीटरच्या बाहेर गेली असती. मग आम्ही मारुतीचं देऊळ शोधलं, देवळापासून सार्वजनिक नळ, नळापासून तिसरी ओळ. मुलगाच स्क्रीनवर नाक टेकवून म्हणाला, “हितं आमची बकरी बांधतात.” बलून तिथे ठेवला. ती शाळा पाऊण किलोमीटरच्या आसपास निघाली.

बलून हलवायची संधी मोजकीच मिळते, म्हणून घाईनं क्लिक करू नये. उलट बाजूनंही सांगायला हवं, की शाळेजवळ यावं म्हणून बलून भलत्याच इमारतीवर ठेवणं ही फसवणूक आहे. पडताळणी समितीला पत्त्यात आणि नकाशात फरक दिसला तर प्रवेश जातो. एकाच मुलाचे दोन अर्ज भरले तरी तोच निकाल. आणि शाळा निवडताना फक्त नाव बघू नये. मूल रोज कसं जाणार, कोण सोडणार, व्हॅनचे पैसे कोण देणार, याचा विचार करून मगच दहाची यादी बनवावी. फी सरकार भरतं, व्हॅनचे पैसे भरत नाही.

अर्ज पूर्ण झाला की त्याची प्रिंट काढून ठेवावी आणि अर्ज क्रमांक व पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. अर्जात दिलेला मोबाइल नंबर पुढचे सहा महिने चालू ठेवावा. रिचार्ज संपून सिम बंद पडलं आणि निरोप पोचलाच नाही, असं दर वर्षी होतं.

सोडत आणि पडताळणी

२०२५-२६ या वर्षी राज्यात सुमारे ८,८०० शाळांत १ लाख ९ हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज ३ लाखांच्या वर. एका जागेमागे जवळजवळ तीन मुलं. म्हणून सोडत काढावी लागते. ती राज्य पातळीवर, पुण्यात, सर्वांसमोर निघते आणि मग संगणकावर जागावाटप होतं. यात कुणाची ओळख चालत नाही. ‘दहा हजार द्या, नंबर लावून देतो’ म्हणणारे वस्त्यांमधून हिंडतात. ते पैसे घेतात, नाव लागलं तर श्रेय घेतात आणि नाही लागलं तर फोन उचलत नाहीत. त्यांना दारातूनच परत पाठवावं.

नाव लागलं की मोबाइलवर संदेश येतो, पण त्यावर विसंबून राहू नये. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्वतः बघावं. मग दिलेल्या तारखांच्या आत मूळ कागद घेऊन पडताळणी समितीकडे जायचं. ग्रामीण भागात ही समिती पंचायत समितीच्या पातळीवर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली असते, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. समितीनं कागद मान्य केले की प्रवेशपत्र मिळतं, आणि ते घेऊन शाळेत. शाळेला मुलाची परीक्षा घेता येत नाही, पालकांची मुलाखत घेता येत नाही, देणगी मागता येत नाही. कायद्याच्या तेराव्या कलमात यासाठी दंड आहे. देणगी घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत, आणि मुलाखत घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत.

नाव प्रतीक्षा यादीत गेलं तरी खचून जाऊ नये. निवड झालेल्यांपैकी अनेकजण कागदाअभावी किंवा शाळा लांब पडते म्हणून येत नाहीत आणि यादी पुढे सरकते. ताईंच्या मुलाचं नाव पहिल्या यादीत नव्हतं. तो प्रतीक्षा यादीतूनच शाळेत गेला.

२०२४ मध्ये काय घडलं

हा हक्क किती सहज निसटू शकतो, ते २०२४ मध्ये दिसलं. ९ फेब्रुवारीला राज्य सरकारनं नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांच्या अटीतून सूट मिळाली. शहरांत तर जवळजवळ प्रत्येक खासगी शाळेजवळ महापालिकेची किंवा अनुदानित शाळा असतेच. म्हणजे कायदा पुस्तकात राहिला आणि शाळा यादीतून गेल्या. पालकांनी पोर्टल उघडलं तर समोर खासगी शाळांऐवजी बहुतेक सरकारी आणि अनुदानित शाळाच. अर्जांची संख्या एकदम कोसळली.

पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे रोजी या बदलाला स्थगिती मिळाली, अर्ज नव्यानं मागवले गेले आणि १९ जुलै २०२४ रोजी न्यायालयानं हा बदल घटनाबाह्य ठरवून रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. पण शाळा जूनमध्ये सुरू झाल्या होत्या. त्या वर्षीच्या मुलांना वर्गात पोचायला जुलै-ऑगस्ट उजाडला. मोठ्यांच्या वादात पहिलीतले ते पहिले दोन महिने गेले. पहिलीत दोन महिने म्हणजे अर्धी बाराखडी.

शाळांची बाजूही समजून घ्यायला हवी. ज्या शाळेची फी ५० हजार आहे, तिला एका मुलामागे १७,६७० मिळतात, आणि तेही वेळेवर मिळत नाहीत. थकबाकी वर्षानुवर्षं साचत जाते. लहान गावातल्या, कमी फीच्या शाळांना तर शिक्षकांचे पगार काढताना हे पैसे खरोखर लागतात. त्यांची मागणी रास्त आहे आणि सरकारनं ती पुरी केलीच पाहिजे. पण ते भांडण शाळा आणि सरकारचं आहे. ‘सरकारचे पैसे आले नाहीत, तुम्ही भरा’ असं पालकाला सांगणं बेकायदा आहे. कर्ज दुसऱ्याचं आणि वसुली सहा वर्षांच्या मुलाकडून, असा हिशेब कुठल्याच कायद्यात बसत नाही.

वर्गात गेल्यावर

प्रवेश मिळाला म्हणजे काम संपलं असं वाटतं. तिथून खरं तर आठ वर्षं सुरू होतात. पुस्तकं, गणवेश, सहल, स्नेहसंमेलन, ‘ॲक्टिव्हिटी’ या नावाखाली वेगळे पैसे. केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमांत या मुलांना पाठ्यपुस्तकं, लेखनसाहित्य आणि गणवेशही मोफत द्यायचं म्हटलं आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पालकच ते विकत घेतात. म्हणून पहिल्याच दिवशी शाळेकडून कशाकशाचे पैसे लागणार हे लेखी मागावं. मागणी नम्र असावी, पण लेखी असावी.

दुसरी गोष्ट वेगळेपणाची. या मुलांची तुकडी वेगळी करायची नाही, वेळ वेगळी ठेवायची नाही, असं नियम स्पष्ट सांगतात. तरी एखाद्या हजेरीपटावर नावापुढे लाल शाईत ‘आरटीई’ लिहिलेलं असतं. एका शाळेत मी ते पाहिलं. बाईंच्या मनात काही नव्हतं, ऑफिसच्या सोयीसाठी केलं होतं. पण वर्गातल्या एका मुलीनं शेजारच्या मुलाला विचारलं, “तू आरटीई आहेस?” जात विचारावी तसं. आम्ही मुख्याध्यापकांशी बोललो, शाई बदलली. अशा गोष्टी घरी येऊन मूल सांगतं, तेव्हा त्या हसण्यावारी नेऊ नयेत. तक्रार गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी. कायद्यानुसार तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं.

ज्यांची मुलं पूर्ण फी भरून शिकतात, त्या पालकांच्या मनातली भीतीही मला माहीत आहे. ‘वर्गाचा दर्जा घसरेल.’ अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी दिल्लीतल्या खासगी शाळांत याच प्रश्नाचा अभ्यास केला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब मुलांबरोबर एका वर्गात बसलेली सधन घरातली मुलं जास्त उदार झाली, गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली, त्यांच्यात मिसळायला तयार झाली. अभ्यासावर झालेला परिणाम किरकोळ होता. शेजारच्या बाकावर कोण बसतं यावरून माणूस घडतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच.

घरी अभ्यास घ्यायला कुणी नाही, ही या पालकांची सगळ्यांत मोठी धास्ती असते. इंग्रजी माध्यम असेल तर जास्तच. त्यावर आमच्या वस्तीत एक साधा उपाय चालतो. वरच्या वर्गात गेलेली आरटीईचीच मुलं संध्याकाळी तासभर लहानांचा अभ्यास घेतात. आई वही उघडून नुसती शेजारी बसली तरी मूल लिहितं. तिला अक्षर वाचता येत नसलं तरी पान भरलं की नाही ते दिसतं. आणि सहा महिने होऊनही मुलाला शाळा झेपत नाही, तो रोज रडत जातो असं दिसलं, तर जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत नेण्यात कमीपणा नाही. तिथे मन लावून शिकवणारे शिक्षक मी खूप पाहिले आहेत. हक्क आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे, असं नाही.

आठवीनंतरचा चढ

ही गोष्ट अर्ज भरतानाच सांगितली पाहिजे, आणि ती कुणीच सांगत नाही. कायदा आठवीपर्यंतच आहे. नववीत त्याच शाळेत, त्याच बाकावर बसायचं असेल तर पूर्ण फी. आठ वर्षं मित्र झालेली मुलं, ओळखीच्या झालेल्या बाई, सगळं तिथेच, आणि एप्रिलमध्ये हातात फीचं पत्रक.

त्यातच आणखी एक पेच. आठवीत परीक्षा देऊन मिळणारी केंद्राची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची शिष्यवृत्ती, म्हणजे ‘एनएमएमएस’, वर्षाला १२ हजार रुपयांची आहे. पण ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच. खासगी विनाअनुदानित शाळेत आरटीईतून शिकणाऱ्या मुलाला ती परीक्षा देता येत नाही. घर तेवढंच गरीब असतं, फक्त शाळा वेगळी असते, आणि म्हणून तो दोन्हीकडून सुटतो.

यावर तयारी सहावी-सातवीपासूनच करायला हवी. जवळच्या चांगल्या अनुदानित माध्यमिक शाळेत आठवीनंतर जागा असते का ते विचारून ठेवावं. नवोदय विद्यालयात नववीसाठी रिकाम्या जागांवर प्रवेश परीक्षा असते, तिचा अर्ज आठवीत असतानाच भरायचा असतो. आणि शाळेच्या संस्थेकडे फीसवलतीचा अर्ज करावा. अनेक जुन्या संस्थांकडे गरजू मुलांसाठी देणगीदारांचे निधी असतात, पण मागितल्याशिवाय ते कुणी पुढे करत नाही. असा अर्ज एका पानाचा पुरतो. घरात कमावणारे किती, मिळकत किती, किती फी भरता येईल आणि किती कमी पडते, हे आकड्यांत लिहावं. मुलाची प्रगतीपुस्तकं जोडावीत. आपली दैना रंगवून सांगण्याची गरज नाही. ‘मी वर्षाला ८ हजार भरू शकतो, उरलेल्यासाठी मदत हवी’ एवढं एक वाक्य विश्वस्तांना पुरेसं कळतं, आणि लिहिणाऱ्याची मानही ताठ राहते. शिक्षण हक्क आठवीवर न थांबता बारावीपर्यंत जावा, ही मागणी जुनी आहे. दर एप्रिलला ती मला नव्यानं पटते.

आदिवासी कुटुंबांसाठी आणखी एक वाट आहे. आदिवासी विकास विभाग अनुसूचित जमातीच्या मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत स्वतःच्या खर्चानं पाठवतो. त्याची चौकशी आपल्या भागातल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी. मूल घरापासून लांब राहणार असतं, म्हणून ती शाळा आधी स्वतः जाऊन बघून यावं.

आजच उघडा पिशवी

ताईंचा मुलगा आता तिसरीत आहे. मध्ये एकदा शाळेतून फोन आला म्हणून त्या घाबरून आमच्याकडे आल्या होत्या. पालकसभेचं बोलावणं होतं, इतकंच. सभेला काय नेसू, कुठे बसू, असं विचारत होत्या. त्या सभेत त्या शेवटच्या रांगेत बसल्या आणि व्हॅनचालक मुलांना गेटबाहेरच सोडून जातो, ही तक्रार त्यांनी उभं राहून मांडली. आता व्हॅन आत येते. फी भरणाऱ्या आणि न भरणाऱ्या, सगळ्यांच्याच मुलांची.

तुमच्या घरात, शेजारी किंवा तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईंच्या घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल, तर जानेवारीची वाट बघू नका. आजच्या आज त्याचा जन्मदाखला, आधार आणि रेशनकार्ड एका ओळीत मांडा आणि प्रत्येकावरचं नाव बोट ठेवून मोठ्यानं वाचा. एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल, तर दुरुस्त करायला अजून वेळ आहे.